ना नाव, ना नंबर! जुन्या रेडिओचा ट्रान्सफॉर्मर ओळखायचा कसा?

जुन्या बाजारात कधीतरी एखादा वजनदार ट्रान्सफॉर्मर हाती लागतो. लोखंडी पट्ट्यांचा गठ्ठा, त्यातून बाहेर आलेल्या आठ-दहा वायरी आणि लेबल मात्र कधीच गळून पडलेलं. व्हॉल्व्हवर चालणारे जुने सेट दुरुस्त करणाऱ्या हॅम रेडिओच्या हौशी मंडळींसाठी ही मोलाची वस्तू. पण अंदाजाने भलतीच वायर 230 व्होल्टला जोडली, तर ट्रान्सफॉर्मर जळू शकतो किंवा दुसऱ्या टोकांवर जीवघेणं व्होल्टेज येऊ शकतं. म्हणून आधी ओळख, मग जोडणी.

आत काय असतं?

व्हॉल्व्ह सेटच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरमध्ये साधारण चार वाइंडिंग असतात. वीज आत घेणारं प्रायमरी, 350-0-350 व्होल्टसारखं हाय टेन्शन, रेक्टिफायर व्हॉल्व्हसाठी 5 व्होल्ट आणि बाकीच्या व्हॉल्व्हच्या हीटरसाठी 6.3 व्होल्ट.

रंग काय सांगतात?

अमेरिकी पद्धतीत प्रायमरी काळं, हाय टेन्शन लाल, 5 व्होल्ट पिवळं आणि 6.3 व्होल्ट हिरवं असतं. मात्र प्रत्येक कारखान्याने हे रंग पाळलेच असं नाही. शिवाय वाइंडिंग पुन्हा भरलेलं असेल, तर रंगांवर भरवसा ठेवता येत नाही.

मल्टिमीटर काय सांगतो?

कोणत्या वायरी एकमेकींशी जोडलेल्या आहेत, हे ओहम रेंजवर कळतं. हीटरच्या जाड तारेचा रेझिस्टन्स 1 ओहमपेक्षाही कमी भरतो. हाय टेन्शनचा सर्वांत जास्त, बहुधा शंभर ओहमच्या पुढे. तिथे तीन वायरी सापडतात आणि मधल्या वायरीपासून दोन्ही टोकं जवळपास सारखी भरतात. प्रायमरी या दोघांच्या मधे असतं. कोणत्याही वायरीचा लोखंडी गाभ्याशी संपर्क दिसला, तर इन्शुलेशन गेलं आहे असं समजावं.

खरी खूण: 6.3 व्होल्ट

आता प्रायमरी वाटणाऱ्या वाइंडिंगला दुसऱ्या लहान ट्रान्सफॉर्मरमधून 12 व्होल्ट एसी द्यायचा. मोबाइल चार्जर किंवा डीसी अडॅप्टर इथे चालत नाही. मग बाकीच्या वाइंडिंगवर एसी व्होल्टेज मोजायचं. प्रायमरी 230 व्होल्टचं असेल तर हीटरवर साधारण 0.33, रेक्टिफायरच्या वाइंडिंगवर 0.26 आणि हाय टेन्शनच्या दोन टोकांमध्ये सुमारे 36 व्होल्ट दिसतील.

हीटरवर 0.33 ऐवजी 0.66 दिसलं तर? मग प्रायमरी 115 व्होल्टचं, म्हणजे अमेरिकी विजेसाठी बनवलेलं आहे. ते आपल्याकडच्या सॉकेटला थेट जोडलं तर जळणारच. व्हॉल्व्हच्या हीटरचं व्होल्टेज ठरलेलं असतं, म्हणून तेच इथे मोजपट्टी ठरतं. मात्र चुकून हीटरच्याच वाइंडिंगला 12 व्होल्ट दिले, तर दुसरीकडे हजारच्या वर व्होल्टेज येऊ शकतं. त्यामुळे सगळी मोकळी टोकं आधी टेपने झाकावीत.

शेवटची परीक्षा

प्रायमरी 230 व्होल्टचं निघालं, तरच पुढची पायरी. सेकंडरी वायरी मोकळ्या आणि झाकलेल्या ठेवून, 60 वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब सिरीजमध्ये लावून वीज द्यावी. बल्ब क्षणभर चमकून विझला किंवा मंद राहिला, तर ठीक. तो प्रखर पेटून राहिला, तर आत शॉर्ट आहे किंवा ट्रान्सफॉर्मर विमानांतल्या 115 व्होल्ट, 400 हर्ट्झसारख्या विजेसाठी बनवलेला आहे. असा ट्रान्सफॉर्मर आकाराने लहान असतो आणि आपल्या 50 हर्ट्झवर भराभर तापतो. तो घरच्या विजेवर वापरायचाच नाही.

ओळख पटली की प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधावी. पुढच्या माणसाला पुन्हा कोडं सोडवावं लागणार नाही.