फिश टँकचं सगळं पाणी एकदम बदलताय? थांबा, आधी हे गणित समजून घ्या

दिवाळीची साफसफाई निघाली की घरातल्या फिश टँकचाही नंबर लागतो. मासे बादलीत काढायचे, टँक बाथरूममध्ये नेऊन घासायचा, वाळू नळाखाली खळखळून धुवायची, फिल्टरचा स्पंज पिळायचा आणि ताजं पाणी भरून मासे परत आत. दोन-तीन दिवसांनी त्यातला एखादा उलटा तरंगताना दिसतो. ‘मासा कमजोर होता’, असं म्हणून विषय संपतो. खरं तर बहुतेक वेळा मासा ठणठणीत असतो, घात करते ती साफसफाई.

स्वच्छ पाण्यात मासा मरतो कसा?

मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतात. विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजूनही अमोनियाच तयार होतो. तलावात तो विरून जातो, दोन फुटी टँकमध्ये जाणार कुठे? तिथे कामाला येतात जिवाणू. त्यांचा एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट अगदी थोड्या प्रमाणातही विषारी, नायट्रेट त्यामानाने बरंच सौम्य.

हे जिवाणू पाण्यात फारसे नसतातच. ते राहतात फिल्टरच्या स्पंजमध्ये, वाळूत आणि आपल्याला ‘घाण’ वाटणाऱ्या त्या बुळबुळीत थरात. नव्या टँकमध्ये त्यांची वस्ती बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. नळाखाली सगळं घासलं की ती काही मिनिटांत जाते. मासे मात्र तेवढेच, अमोनियाही तेवढाच.

दुसरा धोका क्लोरीनचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) आपल्या नळापर्यंत आलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा लागतो. आपल्यासाठी ती सुरक्षा आहे. माशाच्या कल्ल्यांची नाजूक त्वचा मात्र त्याने भाजते, आणि उरलेसुरले जिवाणूही मरतात.

मग किती बदलायचं?

आठवड्याला एक चतुर्थांश, म्हणजे २५ टक्के. हा आकडा हवेतून आलेला नाही. समजा तुमच्या टँकमध्ये आठवड्याला ५ पीपीएम नायट्रेट वाढतं. दर आठवड्याला २५ टक्के पाणी बदललं, तर ते वाढत वाढत २० पीपीएमजवळ स्थिरावतं, कारण २० चा पाव भाग म्हणजेच ५. जेवढं वाढतं तेवढंच बाहेर जातं. १० टक्केच बदललं तर हाच आकडा ५० वर जाऊन थांबतो. गर्दी असलेल्या टँकमध्ये म्हणूनच हात आखडता घेऊन चालत नाही.

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टँकमध्ये काठोकाठ सुमारे ५४ लिटर पाणी मावतं. वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली तर ४५ धरा. त्याचा पाव भाग साधारण ११ लिटर, म्हणजे एक बादलीसुद्धा नाही! एवढ्यासाठी मासे बाहेर काढायची गरजच नाही.

आदल्या दिवशी बादलीत पाणी भरून उघडं ठेवा, २४ तासांत बराचसा क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर दुकानात मिळणारं अँटी क्लोरीन वापरा. हे म्हणजे बहुतेकदा सोडियम थायोसल्फेट, पूर्वी फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये वापरायचे तोच ‘हायपो’. बादली मात्र वेगळी ठेवा, साबणाचा हात लागलेली चालणार नाही.

हीटर आणि फिल्टर आधी बंद करा. पाण्याबाहेर राहिलेला तापलेला हीटर तडकतो. नळी पाण्यात बुडवून पूर्ण भरा, तोंडाने ओढू नका. वाळूत नळी खुपसून तळाची घाण खेचा. स्पंज धुवायचाच असेल तर या काढलेल्या पाण्यात दोनदा दाबा, नळाखाली कधीच नाही. नवं पाणी मगाने हळूहळू ओता आणि फिल्टर लगेच सुरू करा. आतल्या जिवाणूंनाही ऑक्सिजन लागतो, तासन्‌तास बंद फिल्टर त्यांना परवडत नाही.

पाणी कुठून आलंय?

याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होतं. पावसाने भरणाऱ्या तलावाचं पाणी मृदू, तर दख्खनच्या काळ्या खडकातलं बोअरवेलचं पाणी बहुधा जड. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर सुरू झाला की चव बदलल्याचं आपल्याला कळतं, माशाला तो थेट धक्का असतो. अशा दिवसांत एका वेळी १० टक्क्यांवर जाऊ नका. दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं तापलेलं पाणी थेट ओतू नका. फरक १-२ अंशांपेक्षा जास्त नको. नुसतं आरओचं पाणीही नको, त्यात क्षार जवळपास नसल्याने पीएच टिकत नाही.

महिनोन्‌महिने पाणी न बदललेल्या टँकमध्ये आणखी एक सापळा असतो. तिथलं पाणी हळूहळू आम्लधर्मी होतं आणि त्यात साठलेला अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. एकदम भरपूर ताजं पाणी ओतलं की पीएच वाढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. इथे १० टक्के, एक दिवसाआड, दोन आठवडे हाच मार्ग.

पाणी बदलल्यावर मासे लगेच वर येऊन तोंड उघडझाप करू लागले तर पहिला संशय क्लोरीनवर घ्या. पूर्ण टँकच्या हिशेबाने अँटी क्लोरीन टाका, एअर पंप जोरात सुरू करा, त्या दिवशी खाद्य देऊ नका. घाबरून पुन्हा सगळं पाणी बदलणं, हे मात्र टाळा.

काढलेलं पाणी मोरीत ओतू नका. त्यातलं नायट्रेट कुंडीतल्या झाडांसाठी खतच आहे. फक्त टँकमध्ये मीठ किंवा औषध टाकलेलं असेल तर ते झाडांना घालू नका.