‘बसतं’ आणि ‘चालतं’ : शॉकअपच्या कव्हराचा प्रश्न

नाव आणि वस्तू यांचं नातं काय, हा प्रश्न आज आपण जरा गॅरेजात नेऊ. एका मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअपचं कव्हर दुसऱ्या मॉडेलला बसतं का?

कव्हरं दोन तऱ्हेची. वरचं पत्र्याचं, काही गाड्यांत हेडलाइटही त्यालाच धरलेला असतो. खालचं रबराचं, घड्याघड्यांचं. ते सरकत्या नळीला चिखलापासून वाचवतं. आपल्या परभणीच्या काळ्या मातीत हे दुसरं काम मोठं आहे. माती आणि कचकच ऑइल सीलपर्यंत गेली की सील झिजतं, तेल गळतं आणि पुढच्या ब्रेकवर उतरू शकतं. म्हणजे प्रश्न शोभेचा राहत नाही.

आम्ही स्वतः एकदा जुन्या गाडीला दुसऱ्याच मॉडेलची कव्हरं चढवली. मेकॅनिक म्हणाला, “सर, बसतंय हो, पण चालणार न्हाई.” आम्ही हसलो. स्टँडवर सगळं ठाकठीक. जिंतूर रस्त्याला पहिल्याच खड्ड्यात ‘खट्’ झालं! कव्हर अंगठाभर लांब होतं. दबून वर येणारा नळीचा खालचा भाग त्याच्या कडेला धडकत होता. उभ्या गाडीत ते दिसणार कसं?

मग आपली फसगत कुठे होते? नावात. ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू मिलिंद राजाला विचारतो, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला ‘नाही’ म्हणतो. ‘रथ’ हे भागांच्या आधारानं चालणारं नाव. आता रॉयल एनफील्डची क्लासिक ३५० बघा. २०२१ साली ती नवी आली. नाव तेच, रूपही ओळखीचं. पण पुढच्या शॉकअपची नळी ३५ मिलिमीटरची होती, ती ४१ची झाली. ‘क्लासिकचं कव्हर द्या’ एवढं म्हणून भागेल का?

म्हणून आपण चार गोष्टी बघायच्या. नळीची जाडी व्हर्नियरनं मोजायची. कव्हर ज्या दोन पट्ट्यांमध्ये बसतं, त्यांतलं अंतर मोजायचं. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून टाकीला काही लागतं का, केबल-वायर दबते का, ते पाहायचं. आणि पुढचा ब्रेक धरून हँडल जोरात दाबायचं. हातानं शॉकअप पूर्ण दबत नाही, म्हणून कव्हराखाली जागा मोकळी उरली पाहिजे.

‘बसतं’ हे थांबलेल्या वस्तूबद्दलचं विधान आहे, ‘चालतं’ हे हलणाऱ्या. मेकॅनिकला हा भेद माहीत होता. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तरी तो आम्हाला खड्ड्यात कळला. तेव्हा दुकानात ‘कोणत्या गाडीचं?’ याआधी ‘किती मापाचं?’ हे विचारा.