पैठणीच्या मागावर: 'उगम शोधायचा' म्हणजे नेमकं काय शोधायचं?

पेटची तयारी करणारे किंवा नुकतंच रजिस्ट्रेशन झालेले बरेच जण एक प्रश्न हमखास विचारतात: "ताई, विषय सापडलाय, पण संशोधनाचा प्रश्न कसा तयार करायचा?" या वेळी नियम सांगत बसत नाही. माझी स्वतःची फजिती सांगते, त्यातच उत्तर आहे.

मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी, जुन्या कापडांतले रंग हा माझा विषय. पहिल्या सादरीकरणात माझ्या पहिल्याच स्लाईडवर वाक्य होतं: 'दोन हजार वर्षांची परंपरा असलेली पैठणी'. सरांनी विचारलं, "हे कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "सर, सगळीकडे लिहिलंय." सर म्हणाले, "लिहिणाऱ्यांनी कुणाचं बघून लिहिलंय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या बावीस स्लाईड मी कशा दाखवल्या ते माझं मला माहीत.

या विषयाकडे मी वळले त्याला घरचं कारण होतं. आजीकडे एक वांगी रंगाची पैठणी आहे, मलमलच्या कापडात गुंडाळून ठेवलेली. तिच्या सासूबाईंकडून तिला मिळाली. 'थेट पैठणहून आलेली, पेशव्यांच्या काळातली' असं आमच्या घरात तीन पिढ्या सांगितलं जातं. ते खरं आहे का, हे मला पाहायचं होतं.

आधी प्रश्न फोडा

'पैठणीचा उगम कुठे?' हा एक प्रश्न वाटतो, पण त्यात निदान चार प्रश्न आहेत. नाव कुठून आलं? विणायची पद्धत कुठून आली? रेशीम, जर आणि रंग कुठून आले? आणि आज विणणारी माणसं तिथे कशी आली? या चारांची उत्तरं वेगवेगळ्या गावांत आणि वेगवेगळ्या शतकांत सापडतात. 'उगम' हा एकच शब्द वापरला की ती सगळी एकमेकांत मिसळतात. माझ्या स्लाईडवर तेच झालं होतं.

मुक्काम पहिला: येवला

मी माजिवड्याला राहते. आमच्या नाक्यावरूनच घोडबंदरचा रस्ता एकीकडे आणि नाशिकचा महामार्ग दुसरीकडे जातो. पहाटे एसटी धरली, कसारा घाट चढून नाशिक, तिथून निफाड, विंचूर आणि येवला. आधी पैठणला का नाही गेले? कारण उगम शोधताना आजपासून मागे जायचं असतं. आज काय विणलं जातंय हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, जुन्या कागदात जे लिहिलंय ती तीच गोष्ट आहे की नाही, हे कसं ओळखणार?

येवल्यात एका घरात मागासमोर दोन तास बसले. पैठणीचं वैशिष्ट्य भरजरी पदर असं आपण समजतो. खरं वैशिष्ट्य पद्धतीत आहे. पदरावरचा मोर वेगळा धागा वरून घालून काढत नाहीत. आडवा धागा अख्ख्या रुंदीभर न नेता प्रत्येक रंगाची छोटी कांडी आपापल्या जागेपुरती फिरते आणि शेजारच्या रंगाला भेटली की त्यात अडकून मागे वळते. म्हणजे नक्षी आणि कापड एकच असतं. म्हणूनच पदर उलटा केला तरी नक्षी तशीच दिसते. जॅकार्डवर काढलेल्या नक्षीत मागच्या बाजूला सहसा धाग्यांचं जाळं दिसतं. काम किती भरगच्च आहे त्यावर एका साडीला महिना ते वर्षभर लागतो.

ही पद्धत एकट्या महाराष्ट्राची नाही. काश्मीरच्या कानी शालीत, चीनच्या रेशमी 'केसी' कापडात आणि इजिप्तच्या जुन्या कॉप्टिक कापडात याच जातीचं विणकाम आहे. यावरून 'ती तिकडून आली' असं लगेच म्हणायचं नाही. साम्य दिसलं म्हणजे नातं सिद्ध होत नाही. पदरावरची कमळं आणि हंस 'अजिंठ्याहून आले' असं म्हणतात, त्यालाही हेच लागू. मधल्या हजारेक वर्षांतले दुवे दाखवता आले तरच ते विधान उभं राहतं.

विणकर कसे आले? येवल्यात सांगतात की गाव वसवणाऱ्या राघोजी नाईकांनी पैठणहून कारागीर आणून वसवले. 1883 च्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये मात्र राघोजींसोबत शामदास वालजी या गुजराती व्यापाऱ्याचं नाव येतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात: कारागीर एकीकडचे, भांडवल दुसरीकडचं. पण गाईडबुकात पहिलीच गोष्ट उरली, कारण साडीच्या नावाला तीच शोभते. तुमच्या विषयातही बघा. जी गोष्ट नावाला शोभते ती टिकते, आणि हिशेबाची गोष्ट गळून पडते.

निघताना त्या विणकरकाकांनी विचारलं, "मॅडम, पैठणी पैठणची ठरली की येवल्याची, यानं आम्हाला काय फरक?" मी भौगोलिक मानांकनाबद्दल बोलायला लागले. ते म्हणाले, "ते आहेच. पण गिऱ्हाईक जुनी म्हणून विचारत नाही, हातची आहे का म्हणून विचारतं. ते ओळखायचं शिकवा लोकांना." वर पदर उलटा करून बघण्याबद्दल लिहिलंय ते त्यांच्या सांगण्यावरून.

मुक्काम दुसरा: पैठण

वैजापूर, छत्रपती संभाजीनगर करत पैठणला पोचले. गोदावरी, नाथांचं मंदिर, पलीकडे जायकवाडीचं पाणी. हे सातवाहनांचं प्रतिष्ठान, यात वाद नाही. इथे शासनाच्या केंद्रात आजही पैठणी विणली जाते.

पण 'दोन हजार वर्षं' हा आकडा आला कुठून? बहुतेक ठिकाणी शेवटचा दाखला निघतो तो 'पेरिप्लस'चा. पहिल्या शतकात कुणा अज्ञात व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत लिहिलेलं हे सागरी व्यापाराचं पुस्तक. मी मूळ उताऱ्याचं भाषांतर काढलं आणि वाचून थंड पडले. त्यात भडोचच्या बंदराकडे दख्खनमधून येणाऱ्या मालाची यादी आहे. पैठणहून काय येतं? गोमेदासारखे दगड. कापड येतं ते तगरहून, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरहून. तेही साधं कापड आणि मलमल. भरजरी रेशमाचा तिथे उल्लेखच नाही.

याचा अर्थ पैठणला तेव्हा विणकाम नव्हतं असा नाही. अर्थ एवढाच की हा दाखला पैठणीचा पुरावा म्हणून चालत नाही. दाखला तपासणं म्हणजे पुस्तकाचं नाव बघणं नव्हे, तर ते वाक्य स्वतः वाचणं. पीएचडीच्या पहिल्या वर्षात एवढं एक शिकलात तरी पुष्कळ आहे.

मुक्काम तिसरा: प्रयोगशाळा

आता आजीची पैठणी. पहिला विचार येतो तो कार्बन डेटिंगचा. पण साधारण 1650 ते 1950 या काळात त्याचा आलेख इतका वरखाली होतो की एकाच नमुन्याला तीन-चार वेगवेगळ्या शतकांची उत्तरं मिळू शकतात. पैठणीसाठी नेमका हाच काळ महत्त्वाचा, म्हणजे उपयोग शून्य.

रंग जास्त बोलतो. 1856 मध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाला कोळशाच्या डांबरातून जांभळा रंग मिळाला. 1868 मध्ये मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांतलं अ‍ॅलिझरिन प्रयोगशाळेत बनलं. 1897 मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. वनस्पतीच्या रंगात अनेक घटक एकत्र असतात, कारखान्याच्या रंगात बहुधा एकच घटक ठळक असतो. धाग्याच्या काही मिलिमीटरच्या तुकड्यातला रंग द्रावकात उतरवून एचपीएलसीवर टाकला की हे घटक वेगळे दिसतात. कापडात कृत्रिम रंग सापडला तर ते त्या रंगाच्या शोधाआधीचं असू शकत नाही. यातून 'कधीचं' हे कळत नाही, पण 'कधीच्या आधीचं नाही' हे पक्कं कळतं.

आजीला विचारूनच, फाटलेल्या काठातून सुटलेले दोन धागे घेतले. दोन ठिकाणांहून घेतले, कारण एखादा नंतरच्या रफूचा असला तर फसगत होते. दोन्हींत जांभळा रंग डांबरापासून बनणाऱ्या रंगांच्याच कुटुंबातला निघाला. म्हणजे साडी 1856 नंतरची. पेशवाई संपली 1818 मध्ये.

आजीला सांगायला मला आठ दिवस लागले. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे माझ्या सासूबाई खोटं बोलल्या?"

नाही. त्यांनी जे ऐकलं ते विश्वासाने पुढे दिलं. मीही पहिल्या स्लाईडवर तेच केलं होतं. फरक इतकाच की पुढे देण्याआधी तपासणं हे माझं काम होतं, त्यांचं नव्हतं. हे आजीला समजावून सांगितल्यावर ती म्हणाली, "बरं. पण साडी हातची आहे ना?" मी पदर उलटा करून दाखवला. मोर तसाच होता.

आता माझ्या स्लाईडवर असं लिहिलंय: 'पैठणी: नाव पैठणचं, आजचं मोठं केंद्र येवला, पद्धत जगात अनेक ठिकाणी आढळणारी, रंगांचा कालक्रम तपासायचा आहे.' वाक्य आधीसारखं भारदस्त राहिलं नाही, पण प्रत्येक तुकड्याला मी उत्तर देऊ शकते.

तुम्ही आज एवढंच करा. तुमच्या प्रस्तावातलं पहिलं वाक्य काढा, त्यात किती दावे आहेत ते मोजा आणि प्रत्येकापुढे लिहा: हे कुणी सांगितलं? जिथे 'सगळीकडे लिहिलंय' असं उत्तर येईल, तिथूनच तुमचं संशोधन सुरू होतं.