पाळीची तारीख

पहाटे ५.००
घाटंजी तालुक्यातलं गाव. आशाताईंच्या चुलीवर ज्वारीच्या भाकरी. दोन डबे भरतात. एक स्वतःचा, दुसरा पलीकडच्या घरातल्या सुनेचा. साखरेची तपासणी आहे म्हणून सून उपाशी निघणार, चहासुद्धा नाही. पिशवीत डायरी, सोनोग्राफीचा कागद, थायरॉइडचा रिपोर्ट.

सकाळी ७.१५
एसटी. बायकांना अर्धं तिकीट, मार्च २०२३ पासून. कापूस फुटलाय. वेचणीला किलोमागे आठ-दहा रुपये मिळतात, ते आज सुनेचे बुडाले. आशाताईंचंही तसंच. बाळंतपणाला बाई नेली की मोबदला ठरलेला असतो. पाळी थांबलेल्या बाईला नेण्याचा नसतो.

९.००
यवतमाळ. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. चिठ्ठीची रांग. पिशवी सुनेच्या हातात देऊन आशाताई रांगेत उभ्या राहतात.

९.४०
दंडाला रबरी पट्टा. पहिलं रक्त. मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायचं. मळमळतं. ओकली तर सगळं पुन्हा, म्हणून ती पदर तोंडाशी धरून बसते. दोन तासांनी दुसरं रक्त.

१०.३०
स्त्रीरोग बाह्यरुग्ण विभाग. वजन ६८ किलो. मानेवर काळपट पट्टा, हनुवटीवर राठ केस. लग्नाला चार वर्षं. पाळी तीन-तीन महिने येत नाही.

सून एका दमात बोलते. "सासू म्हणते, ऑपरेशन करून गाठी काढून टाका."

डॉक्टरबाई कागदावर बीजकोश काढून दाखवतात. सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी नाहीत. अर्धवट वाढून थांबलेली बीजं आहेत. १९३५ साली शिकागोत स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी हा आजार मांडला, तेव्हा बीजकोशाची फाक कापून काढत. आता सुरुवात गोळीने होते.

कुठली गोळी, ते बाईला काय हवंय त्यावर ठरतं. मूल नको असेल, नुसती पाळी नियमित हवी असेल, तर माला-एनसारखी संप्रेरकांची गोळी. केस त्यानेही कमी होतात, पण सहा महिने धीर लागतो. हिला मूल हवंय. मग ती गोळी नाही. लघवीची तपासणी करून गर्भ नाही याची खात्री करतात. आधी पाळी आणणारी गोळी काही दिवस. पाळी आली की दुसऱ्या दिवसापासून लेट्रोझोल, रोज एक, पाच दिवस. बीज वाढतंय का, ते पुढे सोनोग्राफीत बघायचं. साखर वाढलेली निघाली तर जेवणासोबत मेटफॉर्मिन.

"वजन पाच टक्के उतरलं तरी पाळी सुधारू शकते." म्हणजे जवळपास साडेतीन किलो.

"दिवसभर वावरात वाकून असते मी. अजून किती चालू?"

प्रश्न खरा आहे. डॉक्टरबाई तो उडवून लावत नाहीत. चहा किती वेळा, साखर किती, रात्रीचं जेवण किती वाजता, एकेक विचारतात. चहा पाच वेळा निघतो. दोनवर आणायचं ठरतं.

११.४०
दुसरं रक्त.

१२.१५
झाडाखाली डबा. भाकरी, वांग्याची भाजी. सून भराभर खाते.

१.००
औषधाची खिडकी. पाकिटावर आशाताई पेनाने सूर्य आणि चंद्र काढतात. सकाळची गोळी, रात्रीची गोळी. फॉलिक ॲसिड आजपासूनच.

५.३०
गाव. डायरीत लाल पेनाने खूण. गोळ्या संपल्यावर साधारण आठवडाभरात पाळी यायला हवी. "आली की त्याच दिवशी मले फोन कर. रात्र झाली तरी."

७.००
एक काम उरलंय. चिठ्ठीवर नवऱ्याची वीर्यतपासणी लिहिलीय. तो अंगणात कापसाचं गाठोडं काट्यावर चढवतोय.

"मलेही यावं लागते काय?"

"हो भाऊ. तिचं एकटीचं तपासून अर्धंच समजते. दोन ते सात दिवस संबंध ठेवायचा नाही, मग नमुना द्यायचा."

तो काटा वाचतो, आकडा पाटीवर लिहितो. सासू दारातून ऐकतेय.

"सोमवारी जमन," तो म्हणतो. "पहिल्या गाडीने जाऊ."