डांबरगोळीवर वाढणारे जिवाणू

पेट्री डिश उलटी ठेवलेली, झाकणात नॅप्थलिनचे चार-पाच खडे. वास कपाटातल्या डांबरगोळ्यांचाच. आगरमध्ये साखर नाही, पेप्टोन नाही, नुसते क्षार. खड्यांची वाफ एवढंच अन्न. तरी काही दिवसांत बारीक वसाहती उमटतात. दूषित मातीतले काही स्यूडोमोनस जिवाणू असं जगतात.

हातमोजे घालून, धूर ओढून घेणाऱ्या कपाटात त्यांच्यावर कॅटेकॉलचं पातळ द्रावण फवारलं, की काही वसाहती बघता बघता हळदीसारख्या पिवळ्या होतात. हा रंग कॅटेकॉलच्या रेणूतल्या फुटलेल्या कार्बन-वलयाचा. प्रत्येक वेळी मी तो डोळे भरून पाहते, कारण फुटणं सोपं नसतं. नॅप्थलिनमध्ये अशी दोन वलयं जोडलेली असतात; त्यांचे इलेक्ट्रॉन सगळीकडे पसरलेले, त्यामुळे रेणू स्थिर आणि हट्टी. जिवाणूला काही मिळण्याआधी खर्च करावा लागतो. डायऑक्सिजनेज हे विकर हवेतल्या ऑक्सिजनचे दोन्ही अणू वलयाला जोडतं आणि त्यासाठी पेशीची साठवलेली ऊर्जा वापरली जाते. मग पहिलं वलय उघडतं. पुढे सॅलिसिलिक आम्ल (ॲस्पिरिन यापासूनच बनवतात), त्यानंतर कॅटेकॉल, मग दुसरं वलय. शेवटी पायरुव्हेटसारखे छोटे रेणू उरतात आणि पेशीच्या नेहमीच्या ऊर्जाचक्रात शिरतात.

या कामाला ऑक्सिजन लागतो, म्हणून गच्च, पाणी साचलेल्या तेलकट मातीत ते रखडतं. ऑक्सिजनविना चालणारे मार्ग आहेत, पण ते फार संथ. 'कोणते जिवाणू टाकायचे?' असं लोक आधी विचारतात. माझ्या मते त्याआधी मातीत हवा किती खेळते, नत्र-स्फुरद पुरेसं आहे का, हे पाहायला हवं. आणि प्रयोग करताना तुलनेसाठी शेजारी जिवाणूविरहित मातीची बाटलीही हवीच, कारण नॅप्थलिन आपोआपही उडून जातं.

आणखी एक अडचण आवडीनिवडीची. साखर समोर असली की बहुतेक जिवाणू आधी साखर संपवतात, विष तसंच राहतं. आयआयटी मुंबईत अभ्यासलेला सीएसव्ही८६ हा जिवाणू मात्र उलट वागतो. ग्लुकोज आणि नॅप्थलिन एकत्र दिले, तर तो नॅप्थलिन आधी खातो. आज त्याचं नाव स्यूडोमोनस भारतिका आहे. कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्याने भरलेल्या, सोप्या अन्नाची चणचण नसलेल्या मातीत असाच जिवाणू उपयोगी पडेल.