आवडले नाही आणि चालत नाही

7 मे 2024 रोजी सोनोस या अमेरिकी स्पीकर कंपनीने आपले मोबाइल ॲप मुळापासून नव्या रूपात आणले आणि संगणकाच्या ब्राउझरमधून स्पीकर चालवता यावेत म्हणून एक नवे संकेतस्थळही सुरू केले. आठ महिन्यांनी, 13 जानेवारी 2025 रोजी, मुख्य कार्यकारी अधिकारी पॅट्रिक स्पेन्स पायउतार होत असल्याची घोषणा झाली. या दोन तारखांमधला काळ ‘फसलेले सॉफ्टवेअर’ एवढ्यावरच उरकला जातो. वर्णन खोटे नाही, पण अपुरे आहे. सदोष सॉफ्टवेअर सगळ्याच कंपन्या कधी ना कधी बाजारात आणतात आणि महिना-दीड महिन्यात सावरतात. सोनोसला ते जमले नाही. ग्राहकांचे म्हणणे तिच्यापर्यंत पहिल्या दिवसापासून पोचत होते, तेही भरभरून. पण ‘आम्हाला हे आवडले नाही’ आणि ‘आमचे हे चालत नाही’ या दोन तक्रारी तिने एकाच टोपलीत टाकल्या आणि पहिलीला शोभणारे उत्तर दुसरीला दिले. पुढची सगळी पडझड तिथून सुरू होते, असे माझे मत आहे.

या कंपनीच्या बाबतीत ॲपला एवढे महत्त्व का, हे आधी पाहायला हवे. 2002 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे सुरू झालेल्या सोनोसने 2005 मध्ये पहिले उत्पादन विकायला काढले. वेगवेगळ्या खोल्यांतले स्पीकर तारांशिवाय एकमेकांशी जुळवून घेतील आणि घरभर एकच गाणे जराही मागेपुढे न होता वाजेल, ही तिची मूळ करामत. अशा स्पीकरवर आवाज कमी-जास्त करणे, थांबवणे, पुढचे गाणे लावणे एवढ्यापुरतीच बटणे असतात. कोणत्या खोलीत काय वाजवायचे, खोल्या कशा जोडायच्या, संग्रहातले गाणे कुठून आणायचे, हे सारे ॲपच्या हाती. ॲप बिघडले की आतली चुंबके आणि पडदे ठणठणीत असूनही वस्तू निकामी होते. शिवाय हे ग्राहक एकदाच खरेदी करून निघून जाणारे नव्हेत. 2023 च्या आर्थिक वर्षाअखेर सोनोसची उत्पादने दीड कोटींहून अधिक घरांत होती, दर घरी सरासरी सुमारे तीन. नव्याने विकल्या जाणाऱ्या मालापैकी 40 टक्क्यांच्या आसपास माल आधीपासूनच्या घरांत जात होता. म्हणजे तक्रार करणारा माणूस आणि पुढचा स्पीकर विकत घेणारा माणूस बऱ्याचदा एकच होता.

हे कंपनीला ठाऊक नव्हते म्हणावे, तर चार वर्षांपूर्वीच तिने त्याचा चटका खाल्ला होता. जुना स्पीकर देऊन नव्यावर 30 टक्के सवलत मिळवण्याची तिची योजना होती. त्यात जुने यंत्र अशा अवस्थेत टाकावे लागे की 21 दिवसांनी ते कायमचे बंद पडे. चालू वस्तू मुद्दाम मारून टाकायची आणि त्याला पुनर्वापर म्हणायचे, यावर 2019 च्या अखेरीस ग्राहक खवळले. ते शमते न शमते तोच जानेवारी 2020 मध्ये कंपनीने सांगितले की काही जुन्या उपकरणांना मे महिन्यानंतर सॉफ्टवेअरची सुधारणा मिळणार नाही, आणि अशी उपकरणे घरात असतील तर त्यांच्याशी जोडलेली नवी उपकरणेही अडकून पडतील. दोनच दिवसांत स्पेन्स यांना दिलगिरीचे पत्र लिहावे लागले. त्यानंतर जुन्यांसाठी एक ॲप आणि नव्यांसाठी दुसरे अशी विभागणी झाली, आणि यंत्र बंद पाडण्याची अटही मार्चमध्ये गेली. त्या वेळी तक्रारीचा अर्थ कंपनीने बरोबर लावला होता. लोक नव्याला विरोध करत नव्हते; पैसे मोजून घेतलेली वस्तू काल जे करत होती ते तिने उद्याही करावे, एवढेच मागत होते.

मे 2024 मध्ये नेमके तेच गेले. नवे ॲप उघडल्यावर लोकांना दिसले की गजर लावता येत नाही. झोपताना ठरावीक वेळाने गाणी आपोआप बंद होण्याची सोय नाही. पुढे लावलेल्या गाण्यांची रांग हलवता येत नाही, आणि घरच्या संगणकात साठवलेल्या संगीतात शोध घेता येत नाही. दृष्टिहीन ग्राहकांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सोयीच्या आधारे जुने ॲप वापरता येत होते; नव्यात ती सोय इतकी मोडली की साधी कामेही होईनात. कित्येक घरांत स्पीकर ॲपला सापडतच नव्हते, आणि आवाज कमी करायला बोट फिरवले तर परिणाम काही क्षणांनी जाणवे. रंग, अक्षरे, मुख्य पानाची मांडणी यांवरही लोक बोलले, भरपूर बोलले. त्या तक्रारी रुचीच्या होत्या आणि त्यांत दुमत असणे स्वाभाविक होते. गजर वाजला नाही यात मात्र दुमताला जागा नाही. भिंतीचा रंग बदलणे आणि जिना काढून टाकणे या दोन्ही कामांना एकाच अर्थाने घराची सुधारणा म्हणता येत नाही.

यावर कंपनीच्या उत्पादनप्रमुखांचे मे महिन्यातले उत्तर असे होते की गाभ्याचे उत्पादन नव्याने बांधायला धाडस लागते. आवडीनिवडीच्या तक्रारीला हे उत्तर चालले असते. पण ज्याचा गजर गेला त्याला धाडसाचे कौतुक ऐकवणे म्हणजे जखमेवर मीठ. सूर बदलायला जुलैचा शेवट उजाडला. 25 जुलैला स्पेन्स यांनी जाहीर माफी मागितली आणि दर दोन आठवड्यांनी सुधारणा देण्याचे वेळापत्रक मांडले. ते वेळापत्रकच मला या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा वाटतो. त्यात नवे, आकर्षक असे काही नव्हते. नवीन उपकरण जोडताना अडचण येऊ नये, आवाज झटपट बदलावा, गजर भरवशाचा व्हावा, रांग आणि याद्या पुन्हा संपादित करता याव्यात, अशी ती यादी ऑक्टोबरपर्यंत जात होती. माफीनंतरची सगळी मेहनत मेपूर्वी जिथे होतो तिथे परत पोचण्यासाठी होती.

कंपनीची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. पहिला युक्तिवाद असा की जुने ॲप खरोखरच थकले होते. वर्षानुवर्षे त्यावर थर चढले होते आणि नव्या प्रकारची उत्पादने त्यात बसवणे अवघड होत होते. हे मान्य करायला हरकत नाही. पण पुनर्रचना हवी होती यातून ती अपुरी असताना सर्वांवर एकदम लादावी, हे निघत नाही. त्याच महिन्यात कंपनीचे पहिले हेडफोन जाहीर झाले आणि ते नव्या ॲपवर अवलंबून होते. घाई कोणासाठी झाली, हा तर्क त्यामुळे अनेकांनी केला आणि तो मला पटतो. दुसरा युक्तिवाद जुनाच: कोणताही बदल झाला की लोक कुरकुरतात, पंधरा दिवसांनी सरावतात. रुचीच्या तक्रारींबद्दल ते बहुतेक वेळा खरेही ठरते. मात्र सराव होण्यासाठी वस्तू चालावी लागते. जे बटण नाहीच त्याचा सराव कसा व्हायचा? तिसरा युक्तिवाद जास्त चलाख आहे. गळालेल्या सोयी थोडेच लोक वापरत होते, मग थोड्यांसाठी सगळे का अडवायचे? यातली गफलत मोजणीची आहे. एकेक सोय थोडेच लोक वापरत असतील, पण हे थोडे लोक दर वेळी वेगळे असतात. कोणाला गजर हवा, कोणाला घरचा संग्रह, कोणाला वाचून दाखवणारा आवाज. सहा-सात सोयी एकदम काढल्या की दुखावलेल्यांची बेरीज कुठल्याही एका आकड्यात दिसत नाही. आणि दृष्टिहीन ग्राहकांच्या बाबतीत संख्येचा प्रश्न मुळात उपस्थितच होऊ नये.

मग जुने ॲप परत का दिले नाही? ही मागणी उन्हाळाभर होत होती आणि ऑगस्टमध्ये स्पेन्स यांनी तिला नकार दिला. कारण तांत्रिक होते आणि माझ्या मते खरे होते. सोनोसची व्यवस्था केवळ फोनमधल्या ॲपवर चालत नाही. स्पीकरच्या आतले सॉफ्टवेअर आणि कंपनीची क्लाउड सेवा हे तिचे आणखी दोन भाग, आणि मधल्या महिन्यांत तेही बदलले होते. जुने ॲप आणले असते तर त्याची या दोघांशी नीट गाठ पडली नसती. म्हणजे निर्णय चुकीचा निघाला तर मागे फिरण्याची वाट कंपनीने स्वतःच बंद केली होती. त्याची किंमत तिने आकड्यांत मांडली: ॲप सावरायला 2 ते 3 कोटी डॉलर लागणार होते आणि दोन तयार उत्पादने लांबणीवर पडली. ऑगस्टमध्ये सुमारे 100 कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. आर्थिक वर्षाची विक्री सुमारे 165 कोटी डॉलरवरून 152 कोटींच्या आसपास उतरली. ही सगळी घट एकट्या ॲपच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण घरगुती ध्वनिसाधनांची मागणी आधीपासूनच मंदावली होती. पण लांबलेली उत्पादने तरी मंदीने लांबवली नव्हती.

ऑक्टोबर 2024 मध्ये कंपनीने काही बांधिलक्या जाहीर केल्या. मोठे बदल हळूहळू आणायचे, वॉरंटी एका वर्षाने वाढवायची, ग्राहकांचे सल्लागार मंडळ नेमायचे, ॲपचा दर्जा सुधारून विश्वास परत मिळाला नाही तर वरिष्ठांनी वार्षिक बोनस घ्यायचा नाही. मला त्यांतली एकच महत्त्वाची वाटते: दर्जाविषयीची शंका कोणाही कर्मचाऱ्याला वरपर्यंत नेता यावी म्हणून स्वतंत्र अधिकारी नेमण्याची. आत बसलेल्यांना दिसत होते आणि ते वर पोचत नव्हते, हे यातून सूचित होते. जानेवारीत संचालक मंडळावरचे टॉम कॉनराड हंगामी प्रमुख झाले, फेब्रुवारीत आणखी सुमारे 200 नोकऱ्या गेल्या आणि जुलैमध्ये कॉनराड यांची नेमणूक कायम झाली. माझा आग्रह मात्र यापेक्षा साधा आहे. जुने काय करत होते आणि नवे काय करत नाही, याची यादी बदल लागू होण्याआधी ग्राहकासमोर ठेवावी आणि बदल स्वीकारायचा की थांबायचे हे त्याला ठरवू द्यावे. अशी यादी सोनोसकडे नव्हती असे म्हणता येत नाही, कारण गजर आणि टायमर कधी परततील हे ती मे महिन्यातच सांगू लागली होती. ग्राहकांपैकी अनेकांना मात्र ॲप रात्री आपोआप बदलल्यावर सकाळी ते कळले.