पिळलेल्या सळईवर उभी असलेली व्हॅन

आधी एक प्लास्टिकची फूटपट्टी शोधा. लवचीक हवी, कडक असेल तर मोडेल आणि ओरडा खावा लागेल. तिचं एक टोक ताईला घट्ट धरायला सांगा. दुसरं टोक तुम्ही पिळा, ओला टॉवेल पिळतो ना, तसं, पण हळूच. आता सोडा. झाली ना झटकन सरळ?

अशाच पिळावर एक अख्खी व्हॅन उभी राहते!

तिचं नाव मॉरिस मायनर. ही गाडी अ‍ॅलेक इसिगॉनिस यांनी आखली आणि 1948 साली ती लंडनच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. 1953 पासून तिची सामान वाहणारी व्हॅनही निघाली. ब्रिटनच्या टपाल खात्याने ती भरपूर वापरली. त्यांच्या सुरुवातीच्या व्हॅनचे पुढचे मडगार्ड चक्क रबराचे होते! गल्लीबोळात कुठे घासलं तर पत्र्याला पोचा यायला नको. आणि मऊ रबरात दिवे कसे बसवणार? म्हणून ते वरच्या बाजूला बेडकाच्या डोळ्यांसारखे उभे केलेले. फोटो मिळाला तर जरूर बघा, मला ती फार आवडते.

आता तिच्या खाली डोकावू. पुढच्या चाकांपाशी गुंडाळीची स्प्रिंग दिसतच नाही. त्याऐवजी प्रत्येक चाकामागे एक पोलादी सळई, साधारण अंगठ्याएवढी जाड, गाडीच्या पोटाखालून सरळ मागे गेलेली. हिला म्हणतात टॉर्शन बार. तिचं मागचं टोक गाडीच्या सांगाड्यात घट्ट अडकवलेलं, म्हणजे तिथे ताई बसलीय असं समजा. पुढचं टोक चाकाला धरणाऱ्या आडव्या हाताला जोडलेलं. चाक दगडावर चढलं की तो हात वर उचलला जातो आणि सळई पिळली जाते. दगड संपला की सळई पीळ सोडते आणि चाकाला पुन्हा खाली दाबते. खड्डा असो, दगड असो, सळई आपली पिळतेय, सुटतेय, पिळतेय, सुटतेय.

पण गाडी नुसती उभी असतानाही तिचं वजन सळईवर असतंच. वर्षानुवर्षं असं पिळून ठेवलं की थोडासा पीळ पोलादाच्या अंगात मुरतो. म्हणूनच डावीकडची सळई काढून उजवीकडे कधी लावत नाहीत, तिला एकाच दिशेची सवय झालेली असते. शिवाय चालवणारा रोज एकाच बाजूला बसणार! मग म्हाताऱ्या व्हॅनचं नाक खाली झुकतं, कधी एकाच अंगाला कलतं. दिव्यांचा झोत रस्ता सोडून भलतीकडे पडतो आणि टायर एका कडेने झिजायला लागतात.

मग मेकॅनिक काय करतो? गाडी उचलून भक्कम घोड्यांवर ठेवतो, नुसत्या जॅकवर नाही. पिळलेल्या सळईत केवढा तरी जोर दडलेला असतो, तेव्हा हे काम जाणत्या माणसाचंच. चाकं मोकळी लोंबली की पीळ सैल पडतो. सळईच्या मागच्या टोकावर बारीक दाते असतात आणि त्यांवर एक दांडी घट्ट बसवलेली असते. ती काढून एक दाता पुढे बसवली की गाडीचं नाक चांगलंच वर येतं. कधी कधी जरा जास्तच! मग बारीक फरकासाठी तिथल्या पट्टीला भोकं ठेवलेली आहेत. बोल्ट या भोकातून काढून शेजारच्या भोकात घातला की झालं.

आता गाडी खाली उतरवायची आणि लगेच टेप लावून मोजायचं? छे! उतरताना टायर जमिनीला धरून बसतात आणि गाडीला उगाच उंच ठेवतात. म्हणून ती आधी पुढेमागे ढकलायची, नाक दोनचारदा दाबून सोडायचं आणि मगच मोजायचं. सपाट जमिनीवर, दोन्ही बाजू, चाकांत हवा बरोबर भरून.

आणि आता खरी गंमत. नाक वर आलं म्हणजे सळई जास्त पिळली गेली, गाडी कडक झाली, असं तुम्हाला वाटलं ना? मलाही आधी तसंच वाटायचं. एक रबरबँड खिळ्याला अडकवा आणि खाली एक छोटं कुलूप लटकवा. रबर किती ताणलंय ते पट्टीने मोजा. मग तेच रबर दुसऱ्या, बोटभर उंच खिळ्याला अडकवा. कुलूप बोटभर वर गेलं, पण रबराचा ताण? पुन्हा मोजा. तेवढाच! कारण कुलपाचं वजन तेवढंच आहे. व्हॅनचंही तसंच. सळई किती पिळायची ते गाडीचं वजन ठरवतं. मेकॅनिक फक्त खिळा सरकवतो.

ही सळई बघायला ब्रिटनला जायची गरज नाही. आपली अ‍ॅम्बेसिडर दुसऱ्या एका मॉरिसवरून, ऑक्सफर्डवरून बनली आणि तिच्याही पुढच्या चाकांना टॉर्शन बार होते. कुठे जुनी अ‍ॅम्बेसिडर उभी दिसली तर मालकाला विचारा, बाजूला गुडघे टेका आणि पुढच्या चाकामागे बघा. धुळीने माखलेली एक सळई मागे गेलेली दिसेल. गाडी नुसती उभी आहे, पण ती सळई त्या क्षणीही पिळलेलीच आहे.